उशिरा उघडलेली फाइल

७ सप्टेंबर १९५९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी संसदेच्या पटलावर एक श्वेतपत्रिका ठेवली. १९५४ ते १९५९ या काळात भारत आणि चीन यांच्या सरकारांनी एकमेकांना धाडलेली टिपणे, निवेदने, पत्रे आणि उभयतांत झालेले करार तिच्यात छापले होते. शीर्षक सरकारी थाटाचे, पण मजकूर खासदारांची झोप उडवणारा होता. पंचशील ज्या करारात अवतरले त्या तिबेटविषयक करारावर २९ एप्रिल १९५४ रोजी सह्या झाल्या. त्याची शाई वाळते न वाळते तोच जुलैमध्ये चीनने बाराहोतीच्या कुरणावरून भारताकडे निषेध नोंदवला होता. ऑक्टोबर १९५८ मध्ये भारताने चिनी वकिलातीला पत्र देऊन अक्साई चीनमधून गेलेल्या रस्त्याबद्दल आणि बेपत्ता झालेल्या गस्ती तुकडीबद्दल विचारणा केली होती. त्याच वर्षी डिसेंबरात खुद्द नेहरूंनी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना चिनी नकाशांविषयी लिहिले. जानेवारी १९५९ मध्ये चौंचे उत्तर आले, की दोन्ही देशांमधली सीमा औपचारिकपणे कधी आखलीच गेलेली नाही. पाच वर्षांचा हा पत्रव्यवहार परराष्ट्र खात्याच्या कपाटात होता आणि ज्या सभागृहाला ते खाते जबाबदार होते, त्याला त्याची गंधवार्ता नव्हती. ऑगस्टच्या अखेरीस लोंगजूच्या ठाण्यावर गोळीबार झाला, वर्तमानपत्रांत मथळे झळकले, आणि मग ही फाइल उघडली गेली.

या काळाबद्दल आपल्याकडे दोन निवाडे रूढ आहेत. एक असा, की नेहरूंच्या तेजापुढे संसद दिपून गेली आणि तिने परराष्ट्र खात्याला जाब विचारलाच नाही. दुसरा याच्या अगदी उलट आहे. संसदेने इतका आरडाओरडा केला, की तडजोडीची इच्छा असलेल्या पंतप्रधानांचे हात बांधले गेले आणि देश युद्धाकडे ढकलला गेला. पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांच्या या युद्धावरच्या १९७० च्या पुस्तकानंतर हा दुसरा निवाडा परदेशात आणि इथेही पुष्कळांनी उचलला. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण दोन्ही मूळ दोषाला बगल देतात. संसदेने प्रश्न विचारले, आणि ते वेळोवेळी विचारले. परंतु परराष्ट्र खात्याची कागदपत्रे मागवून, अधिकाऱ्यांना समोर बसवून, बंद दाराआड खोदून तपासणी करील अशी एकही यंत्रणा तिच्याजवळ नव्हती. अशी यंत्रणा नसलेल्या सभागृहाला जेव्हा पाच वर्षांची माहिती एकदम आणि भर सभेत मिळते, तेव्हा तपासणीची जागा भाषणे घेतात. १९५९ ते १९६३ या चार वर्षांत नेमके हेच घडले.

हे खाते संसदेपासून दूर राहिले त्याला जुना इतिहास आहे. इंग्रजी अमदानीत परराष्ट्र आणि राजकीय खाते थेट व्हाइसरॉयच्या हाताखाली असे. १९१९ च्या कायद्याने आलेल्या केंद्रीय विधिमंडळाला परकीय राज्यांशी असलेल्या संबंधांवर प्रश्न विचारायला बंदी होती आणि या खात्याच्या खर्चावर मतदान करण्याचा अधिकारही नव्हता. स्वातंत्र्यानंतर बंदी गेली, सवय राहिली. नेहरू १९४६ च्या हंगामी सरकारापासून १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत स्वतःच परराष्ट्रमंत्री होते. उपमंत्री बदलत गेले, सुरुवातीच्या काळात डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थही त्या जागेवर होते, पण धोरण एकाच टेबलावर ठरे. राज्यघटनेने परराष्ट्र व्यवहार आणि तह हे विषय संघसूचीत घातले, तहांच्या अंमलबजावणीसाठी कायदा करण्याचा अधिकार २५३ व्या कलमाने संसदेला दिला, परंतु तह करण्यापूर्वी संसदेची संमती घ्यावी असे कुठेही म्हटले नाही. म्हणून १९५४ चा तिबेट करार सभागृहाला कळला तो सह्या झाल्यावर. आचार्य कृपलानी पंचशीलाचा जन्मच पापातून झाल्याचे पुढे लोकसभेत म्हणाले, कारण त्या कराराने तिबेट गिळंकृत होण्यावर आपण शिक्कामोर्तब केले होते. टीका जळजळीत होती, पण करार होऊन गेलेला होता. खात्यांना जोडलेल्या स्थायी समित्या १९५२ पर्यंत होत्या, त्याही मोडल्या. १९५४ पासून अनौपचारिक सल्लागार समित्या आल्या. तिथे मंत्रीच अध्यक्ष, तोच माहिती देणारा, आणि कागद किंवा साक्षीदार मागवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

या सभागृहाला तपासणी जमत नव्हती म्हणावे, तर तसेही नाही. १९४८ मध्ये लंडनच्या आपल्या हायकमिशनने लष्करासाठी जुन्या, दुरुस्त केलेल्या २००० जीपगाड्यांचा सौदा केला. त्यांतल्या जेमतेम १५५ भारतात पोचल्या. तेव्हा हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन होते. लोकलेखा समितीने हा व्यवहार धसास लावला, हिशेब तपासले आणि सरकारला अडचणीत आणणारे ताशेरे मारले. १९५५ मध्ये सरकारने आपल्यापुरते प्रकरण मिटल्याचे जाहीर केले तरी समितीचा निष्कर्ष कागदावर राहिला आणि मेनन यांना तो जन्मभर चिकटला. म्हणजे ज्या संसदेला जीपगाडीची किंमत विचारता येत होती, तिला लडाखच्या नकाशाचे टिपण विचारता येत नव्हते. फरक खासदारांच्या बुद्धीत किंवा धैर्यात नव्हता. हिशेबासाठी समिती होती, धोरणासाठी नव्हती, एवढेच.

समिती नसल्यामुळे काय सुटले, याचे सर्वांत बोलके उदाहरण नकाशांचे आहे. मॅकमोहन रेषा हीच आपली सीमा, मग नकाशा असो वा नसो, असे नेहरूंनी २० नोव्हेंबर १९५० रोजी संसदेत ठणकावले. ते पूर्वेकडच्या सीमेबद्दल होते. लडाखच्या बाजूची सीमा आपल्याच सरकारी नकाशांवर त्या वेळी अनिश्चित म्हणून दाखवली जात होती. १ जुलै १९५४ च्या टिपणात नेहरूंनी आज्ञा दिली, की जुने नकाशे काढून टाकावेत, नव्यांवर संपूर्ण उत्तर सीमा ठाम रेषेने दाखवावी आणि ती कुणाशीही चर्चेचा विषय मानू नये. एखाद्या देशाच्या परराष्ट्र धोरणात यापेक्षा मोठा निर्णय क्वचित होतो. तो मंत्रालयात झाला, नकाशे छापले गेले, आणि सभागृहात त्यावर एक तासही चर्चा झाली नाही. भारत सेवक समाजाचे अध्यक्ष हृदयनाथ कुंझरू यांच्यासारखे जाणकार राज्यसभेत चीनविषयी वारंवार विचारत होते. चिनी नकाशांचा प्रश्न निघाला की ते जुन्या राजवटीचे नकाशे आहेत, असे ठरीव उत्तर मिळे. प्रश्नोत्तराच्या तासाची मर्यादा इथे दिसते. मंत्री जेवढे सांगेल तेवढ्यावरच उपप्रश्न विचारता येतो. फाइलमध्ये काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला नेमका प्रश्न सुचणार तरी कसा?

यावर पहिला आक्षेप गुप्ततेचा. परराष्ट्र व्यवहार चव्हाट्यावर चालत नाहीत, वाटाघाटी सुरू असताना कागद उघडे केले तर समोरचा पक्ष सावध होतो. म्हणणे रास्त आहे. पण या प्रकरणात गुप्तता कोणापासून राखली गेली? अक्साई चीनचा रस्ता पुरा झाल्याची बातमी १९५७ मध्ये चीनच्याच वर्तमानपत्रांत आली होती. पेकिंगला रस्ता ठाऊक होता, दिल्लीचा निषेधही ठाऊक होता, कारण तो त्यांनाच पाठवलेला होता. ठाऊक नव्हते ते फक्त भारताच्या लोकप्रतिनिधींना. पत्रव्यवहारातून काही मार्ग निघेल आणि योग्य वेळी सभागृहाला सांगता येईल अशी आपली समजूत होती, अशा आशयाचा खुलासा नेहरूंनी सप्टेंबर १९५९ मध्ये केला. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. मात्र योग्य वेळ कोणती, हे ठरवणारा माणूस आणि ज्याची तपासणी व्हायची तो माणूस एकच असेल, तर वेळ कधीच योग्य होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नेहरूंइतका संसदेचा मान राखणारा पंतप्रधान दुसरा दाखवा, असे विचारले जाते. पहिल्या श्वेतपत्रिकेनंतर ते थांबले नाहीत. नोव्हेंबर १९५९ मध्ये दुसरी आली, मग एकामागून एक येत राहिल्या. दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी १९६० मध्ये पेकिंग, दिल्ली आणि रंगून इथे बसून पुरावे मांडले, तो जाडजूड अहवालही भारताने फेब्रुवारी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. चीनला त्यासाठी आणखी वर्षभर लागले. हे सगळे खरे आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. तरीही या औदार्याची फळे तपासून पाहावी लागतात. पूर्वी काहीच मिळत नव्हते, आता सगळी पत्रे छापून मिळू लागली. परिणामी पेकिंगला जाणारे प्रत्येक टिपण दोन वाचकांसाठी लिहिले जाऊ लागले, एक चिनी परराष्ट्र मंत्रालय आणि दुसरा लोकसभेतला विरोधी बाक. या काळातल्या टिपणांची भाषा महिन्यामहिन्याला कशी कडक होत गेली, हे श्वेतपत्रिका ओळीने वाचताना सहज जाणवते. शिवाय पत्रव्यवहार म्हणजे धोरण नव्हे. आपण काय लिहिले ते खासदारांना कळत होते. आपली ताकद किती, गुप्तवार्ता विभागाचा अंदाज काय, सेनापतींचे मत काय, यातले काहीही श्वेतपत्रिकेत येत नव्हते.

नोव्हेंबर १९६१ मधला आघाडी पुढे सरकवण्याचा निर्णय याचा दाखला आहे. २ नोव्हेंबरच्या बैठकीत असे ठरले, की लडाखमध्ये शक्य तितके पुढे जाऊन गस्त घालावी आणि ठाणी उभारावीत. सोबत एक अट होती. पुढच्या ठाण्यांच्या पाठीमागे सोयीच्या जागी मोठे सैन्यदळ उभे करण्याचा प्रयत्न व्हावा. ५ डिसेंबरला लष्करी मुख्यालयाचा हुकूम सुटला तेव्हा ठाण्यांचा भाग त्यात राहिला, पाठीमागच्या तळांची अट गळाली. चिनी सैन्य बळाचा वापर करणार नाही, हा गुप्तवार्ता विभागाचा होरा सगळ्याच्या मुळाशी होता. ऑगस्ट १९६२ मध्ये पश्चिम विभागाचे सेनापती दौलत सिंग यांनी लेखी बजावले, की आपल्या ठाण्यांना तग धरता येणार नाही. यापैकी सभागृहात काय पोचले? नव्या ठाण्यांची वार्ता पोचली आणि बाके वाजली. अक्साई चीनमध्ये गवताचे पातेही उगवत नाही असे नेहरू म्हणाले, आणि काँग्रेसचेच महावीर त्यागी यांनी स्वतःच्या टकलाकडे बोट दाखवून, इथेही काही उगवत नाही, मग हेही देऊन टाकायचे का, असे विचारले, ही गोष्ट आजही चवीने सांगितली जाते. टोला फक्कड होता. पण त्या टोल्याने एकही कागद बाहेर आला नाही. बैठकीचा निर्णय आणि निघालेला हुकूम शेजारी ठेवून पाहणारे पाच खासदार जरी असते, तरी गळालेली अट त्यांच्या डोळ्यांत भरली असती.

आता मॅक्सवेलप्रणीत आक्षेप. संसदेच्या क्षोभामुळे नेहरूंना देवाणघेवाण करता आली नाही, एप्रिल १९६० मध्ये चौ एन-लाय दिल्लीत आले ते रिकाम्या हाताने परतले. विरोधी नेत्यांनी चौंच्या भेटीपूर्वी नेहरूंना, भूमी देऊ नका, म्हणून बजावले होते हे खरेच. पण त्या आधी १९५४ चे टिपण आहे. सीमा चर्चेचा विषय नाही ही भूमिका संसदेने लादलेली नव्हती, ती संसदेला काही कळण्यापूर्वीच खात्याने घेतली होती. दुसरी गोष्ट कायद्याची. नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांनी १९५८ मध्ये बेरुबारीचा काही भाग पाकिस्तानला देण्याचे मान्य केले होते. राष्ट्रपतींनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे सोपवला. १४ मार्च १९६० रोजी न्यायालयाच्या वतीने न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी मत दिले, की देशाचा भूभाग परक्याला द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी, नुसता सरकारी करार पुरेसा नाही. त्यानुसार डिसेंबर १९६० मध्ये नववी घटनादुरुस्ती झाली. चौ दिल्लीत उतरले ते या निकालानंतर पाच आठवड्यांनी. म्हणजे कोणतीही देवाणघेवाण करायची तर संसदेला विश्वासात घेऊन, दोन तृतीयांश मते जमवूनच ती करावी लागणार होती. ज्या सभागृहाला पाच वर्षे अंधारात ठेवले, त्याच्याकडे असे मत मागायला जाणे कुणालाही अवघड गेले असते. लोक चिडले म्हणून तडजोड फसली असे म्हणताना ते का चिडले, हेही सांगायला हवे. कोंगका खिंडीत २१ ऑक्टोबर १९५९ रोजी आपले दहा पोलीस मारले गेले, आणि रस्त्याची बातमी सभागृहाला मिळून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

१९६२ च्या नोव्हेंबरातले अधिवेशन हा या कथेचा कळस मानला जातो. लढाई चालू असताना संसद बोलावली गेली, अटलबिहारी वाजपेयी आणि इतरांच्या आग्रहाने ती ठरल्यापेक्षा आधी बोलावली गेली, आणि ८ तारखेपासून १६५ सदस्य बोलले. लोकशाहीचे हे वैभव आहे असे आजही अभिमानाने सांगितले जाते, आणि तसे ते आहेही. पण त्या भाषणांचा उपयोग काय झाला ते पाहावे. अपक्ष खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी सुचवले होते, की चर्चेचा काही भाग गुप्त बैठकीत व्हावा. सूचना शहाणपणाची होती. गुप्त बैठकीत तरी शस्त्रे, रसद, हुकूम यांविषयी खरे प्रश्न विचारता आले असते आणि मंत्र्यांना खरी उत्तरे देता आली असती. देशभर ज्या विषयाची चिंता आहे तो दाराआड नको, म्हणून नेहरूंनी ती नाकारली. उदात्त वाटणारे हे कारण प्रत्यक्षात तपासणीच्या मुळावर आले. खुल्या सभागृहात शत्रू ऐकत असताना कोणता खासदार म्हणणार, की आमच्या जवानांकडे थंडीचे कपडे नाहीत, पुढच्या ठाण्यांवर तोफा नाहीत, आणि मंत्री ते कबूल करणार कसा? उरला तो ठराव, आक्रमकाला पवित्र भूमीतून हाकलून देण्याच्या प्रतिज्ञेचा. तो १४ नोव्हेंबरला मंजूर झाला. आठवडाभरात वालाँग, से ला आणि बोमडिला पडले आणि चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली.

त्याच दिवसांत जाब विचारण्याचे खरे काम दुसऱ्या खोलीत झाले होते. संरक्षणमंत्री मेनन यांना जावे लागले ते लोकसभेतल्या भाषणांमुळे नव्हे. अधिवेशन भरण्यापूर्वीच, ७ नोव्हेंबरला त्यांचे मंत्रिपद संपले होते. त्यांना घालवले काँग्रेस संसदीय पक्षाच्या बंद बैठकांनी, जिथे त्यागींसारख्या स्वपक्षीयांनी नेहरूंना तोंडावर सुनावले. म्हणूनच या लेखाच्या प्रतिपादनावर घेतला जाणारा आणखी एक आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. तो असा, की १९५७ च्या लोकसभेत ४९४ पैकी ३७१ जागा काँग्रेसच्या होत्या, तेव्हा समिती नेमली असती तरी ती होयबांचीच झाली असती. सभागृहात पक्षादेश असतो, वर्तमानपत्रांचे डोळे असतात, म्हणून सत्ताधारी सदस्य गप्प बसतो. दार लावले की तोच बोलू लागतो, हे नोव्हेंबर १९६२ ने दाखवले. जीप प्रकरणातल्या लोकलेखा समितीतही सत्ताधाऱ्यांचेच बहुमत होते. राहिला वेस्टमिन्स्टरचा दाखला. ब्रिटनच्या संसदेतही खातेनिहाय समित्या, आणि त्यांत परराष्ट्र व्यवहार समिती, १९७९ मध्ये आल्या, हे बरोबर. आपल्या नेत्यांनी समिती का केली नाही याचा उलगडा त्याने होतो. समिती असती तर फरक पडला नसता, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

युद्धानंतर तरी फाइल उघडली का? ऑगस्ट १९६३ मध्ये कृपलानींनी स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव मांडला. लोकसभेत चार दिवस घमासान झाले, ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला, आणि परराष्ट्र खात्याच्या निर्णयप्रक्रियेबद्दल सभागृहाला आधी माहीत होते त्यापेक्षा फारसे काही अधिक कळले नाही. त्यानंतर २ सप्टेंबरला मेनन यांच्या जागी आलेले संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी निवेदन केले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्र ज्यांच्याबद्दल म्हणत होता, त्या चव्हाणांची कसरत या निवेदनात जाणवते. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडिअर भगत यांच्या चौकशीचा सारांश त्यांनी सांगितला. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमतीची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनानींची कुवत, असे विषय त्या चौकशीला नेमून दिलेले होते. लष्करी मुख्यालयाचा कारभारच तिच्या कक्षेत नव्हता, मग परराष्ट्र खाते आणि गुप्तवार्ता विभाग यांचे नाव कशाला? मोठ्यातल्या मोठ्या सैन्यालाही सरकारने धोरणाची स्पष्ट दिशा द्यावी लागते, एवढे एक सूचक वाक्य चव्हाण बोलून गेले. नवा मंत्री, खचलेले सैन्य, पंतप्रधानांची ढासळलेली प्रकृती या परिस्थितीत त्यांनी संयम पाळला हे समजण्यासारखे आहे. परंतु मूळ अहवाल त्यांनी पटलावर ठेवला नाही आणि तो पाहू देण्याजोगी समिती संसदेत नव्हतीच.

ती व्हायला १९९३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी खात्यांशी निगडित स्थायी समित्या स्थापन झाल्या आणि परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्षपद वाजपेयींकडे गेले. १९५७ मध्ये लोकसभेत प्रथम आलेल्या आणि नेहरूंच्या चीन धोरणावर बाकावरून तोफा डागणाऱ्या सभासदाला अशा समितीत सचिवांना समोर बसवून प्रश्न विचारायला पस्तीसहून अधिक वर्षे थांबावे लागले. या समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, तिच्या बैठका बंद असतात, म्हणून तिला मथळे फारसे मिळत नाहीत. तरी २०१८ मध्ये, शशी थरूर अध्यक्ष असताना, डोकलाम आणि चीन संबंधांवर तिने जो अहवाल दिला, तो १९५९ च्या खासदारांना स्वप्नवत वाटला असता. वरिष्ठ अधिकाऱ्यांची साक्ष, खात्याची उत्तरे, आणि त्या उत्तरांवर समितीने लेखी नोंदवलेले मत, हे सारे त्यात एका जागी आहे. अलीकडे सीमेवर काही घडले की १९६२ चा हवाला देऊन सभागृहात चर्चेची मागणी होते, आणि सरकार ती टाळते. चर्चा व्हावीच. पण तिच्यापेक्षा मोलाची गोष्ट समितीच्या खोलीत आहे, आणि ती मागायला विरोधी पक्षही तितक्या जोराने पुढे येत नाहीत. हेंडरसन ब्रुक्स अहवालाचा मोठा भाग मॅक्सवेल यांनी २०१४ मध्ये स्वतःच्या संकेतस्थळावर टाकला, जगभर तो वाचला गेला. भारत सरकारच्या लेखी तो अजून गोपनीय आहे. निदान आता तरी तो परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण या दोन स्थायी समित्यांच्या हाती द्यावा, आणि त्या चौकशीतून जे खाते वगळले गेले, त्याच्या १९५४ ते १९६२ च्या फायलीही सोबत द्याव्यात.